न्हाणीघरातला उजेड

आमच्या वाईच्या घरात न्हाणीघर एकच होतं, आणि सकाळी सहा ते आठ ते काकूचं असायचं. दाराला आतून कडी. बाहेर पडवीत तांब्याचा बंब आणि बंबाशेजारी पाटावर काका. एका बाजूला ढलप्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला कालचं वर्तमानपत्र. आतून तांब्या बादलीच्या काठावर दोनदा वाजला की काका उठायचे, बंबाची चावी सोडून बादली भरायचे, दार वीतभर किलकिलं झालं की बादली आत सरकवून तोंड फिरवायचे आणि पुन्हा पाटावर येऊन बसायचे. पुन्हा एक ढलपी, पुन्हा फुंकणी. अशा सहा-सात बादल्या तरी व्हायच्या.

अकरा माणसांचं घर. शाळेची घाई, पूजेची घाई, कुणाला गाडी गाठायची. आजी म्हणायची, “हिचं सोवळं काही संपत नाही.” आत्या सरळ “खूळ” म्हणायची. आज त्या दुखण्याला नाव आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. तेव्हा शब्द दोनच होते, सोवळं नाहीतर खूळ. काकांच्या तोंडून यातला एकही शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, “तिला पाणी लागतं.” जसं एखाद्याला चहा लागतो, तसं.

पुढे त्यांनी परसात तिच्यासाठी वेगळी न्हाणी बांधून घेतली. चार भिंती, शहाबादी फरशी, मंगलोरी कौलं. काकूला अंधाराची भीती वाटायची आणि परसाकडच्या भिंतीला खिडकी ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्या कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलं.

त्या न्हाणीत मला आत जायला मिळायचं ते वर्षातून एकदाच, नरकचतुर्दशीला. पहाटेची पहिली आंघोळ आजीच्या हातची. पण काकू मागे लागायची, की उटणं नीट निघालेलं नाही, पोरीला परत आण. तोवर उजाडलेलं असायचं. मला आजही ते जसंच्या तसं दिसतं. घंगाळातून वाफ वर चढतेय आणि काचेच्या कौलातून उजेडाची एक तिरपी पट्टी खाली येतेय. वाफेत ती पट्टी अगदी घट्ट दिसायची, हात लावावा इतकी. काकू तांब्या उचलायची तेव्हा तिचा ओला दंड त्या पट्टीतून जायचा आणि क्षणभर केशरी व्हायचा. पट्टीबाहेर आला की निळसर, जवळजवळ हिरवा. मी सात-आठ वर्षांची असेन. माणसाचा हात हिरवा असू शकतो हे मी तिथे पाहिलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये मी भाचीकडे लंडनला गेले होते. तिला रविवारी सुट्टी होती, तिने टेट मॉडर्नला नेलं. पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराचं मोठं प्रदर्शन चालू होतं. मला नाव ऐकून माहीत होतं, त्यापलीकडे फारसं नाही. पहिल्या दोन-तीन दालनांतून मी बरं वाटणाऱ्या चेहऱ्याने चालत राहिले. जेवणाची टेबलं, फळांच्या परड्या, उघड्या खिडक्या, पलीकडे बाग. सुखवस्तू घरातली छान रंगीत चित्रं, असं मनात म्हटलंही. मग त्यांचं १९२५ सालचं ‘स्नान’ समोर आलं आणि मी थांबले.

टबमध्ये एक बाई आडवी पडली आहे. टब चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला, वरून पाहावं तसा. बाई काहीही करत नाही, साबणसुद्धा लावत नाही. नुसती पाण्यात आहे. तिचं अंग पाण्याखाली फिकं, कुठे जांभळट, कुठे पिवळसर, कुठे हिरवं. पहिल्या नजरेला टब आहे की शवपेटी, असा धसका बसतो. आणि तरी सगळ्या चित्रावर उजेड आहे.

हिरवं अंग. मी भाचीला म्हटलं, “तू हो पुढे.” आणि तिथल्या बाकावर बसले.

परत आल्यावर या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले. अजून वाचते आहे. जे कळलं ते सांगायचा हा प्रयत्न आहे, पण क्रमाने सांगता येईल याची खात्री नाही. कारण माझ्या डोक्यात ते क्रमाने बसलेलंच नाही.

बोनारचा जन्म १८६७ चा, पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझचा. वडील युद्धखात्यात अधिकारी. मुलाने वकील व्हावं ही वडिलांची इच्छा, आणि मुलाने ती पुरीही केली. कायद्याची पदवी घेतली, सनद घेतली. त्याच काळात आकादेमी ज्युलियां या खाजगी चित्रशाळेतही जात होता. तिथे त्याच्यासारखीच विशीतली मुलं भेटली. त्यांनी आपल्या टोळीला नाव घेतलं ‘नाबी’, हिब्रू भाषेत प्रेषित. चित्र म्हणजे आधी सपाट पृष्ठभागावर मांडलेले रंग, मग घोडा किंवा बाई किंवा गोष्ट, असं ही पोरं मानत. बोनारला जपानी छापचित्रांचं इतकं वेड, की मित्र त्याला ‘फार जपानी नाबी’ म्हणून चिडवत. एका शॅम्पेनच्या कंपनीसाठी त्याने केलेलं जाहिरातीचं भित्तिपत्रक शंभर फ्रँकला विकलं गेलं. ते पैसे बघून वडील बागेत नाचले म्हणतात. १८९१ मध्ये ते भित्तिपत्रक पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि वकिलीचा विषय घरात मिटला.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही चित्रकाराची असू शकली असती. त्याची स्वतःची गोष्ट सुरू होते १८९३ मध्ये, पॅरिसच्या एका रस्त्यावर, ट्रामजवळ. एक नाजूक अंगाची मुलगी दिसली आणि हा तिच्या मागोमाग गेला. कृत्रिम फुलं करणाऱ्या दुकानात ती कामाला होती. तिने नाव सांगितलं मार्त द मेलिन्यी. नावातलं ते ‘द’ खानदानी घराण्याचं. वय सांगितलं सोळा. खरं तर ती चोवीस वर्षांची होती. नाव मारिया बुर्सें, फ्रान्सच्या मध्यभागातल्या एका सुताराची मुलगी. दोघं एकत्र राहू लागली. लग्न झालं ते १९२५ च्या ऑगस्टमध्ये, बत्तीस वर्षांनी. तिचं खरं नाव त्याला त्या लग्नाच्या कागदांवर कळलं, असं सांगतात.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बत्तीस वर्षं एका घरात, एका टेबलावर, आणि नाव माहीत नाही. आपल्याकडे तर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि बायकोचं लग्नात बदलायचं, ही रीतच होती. आमच्या काकूचं माहेरचं नाव काय, हे घरातल्या कुणालाच पटकन सांगता यायचं नाही. नाव ठाऊक असणं आणि माणूस ठाऊक असणं, यांची गाठ आपण समजतो तितकी पक्की नसावी. बोनारने मार्तची शेकडो चित्रं आणि रेखाटनं केली. तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, पण तिची मान कशी झुकते, अंग पुसताना ती कुठल्या पायावर भार देते, कपबशीपुढे ती गप्प कशी बसते, हे त्याला जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मार्त आजारी असायची. क्षय, दमा, मज्जातंतूंचं काही, अनेकांनी अनेक नावं दिली आहेत. त्या काळचे डॉक्टर अशा दुखण्यांना पाण्याचे उपचार सांगत. त्यासाठी दोघं औषधी झऱ्यांच्या गावी जाऊन राहत. आणि घरी ती रोज तासन्‌तास पाण्यात. तिला माणसंही नकोशी झाली होती. मित्र आले तर ती टाळायची, पुढे पुढे तर ते आलेलेच तिला चालेनात. कुत्र्याला फिरवून आणतो म्हणून बोनार घराबाहेर पडायचा आणि तेवढ्यात मित्रांना भेटून यायचा, असं त्याच्या ओळखीची माणसं सांगत. पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे की या बाईने त्याला कोंडून घातलं. मला हे वाचताना आत्याचा आवाज ऐकू येतो.

१९२६ मध्ये त्याने दक्षिण फ्रान्समध्ये कान शहराजवळच्या ल कान्ने गावाच्या टेकडीवर एक छोटं घर घेतलं, ‘ल बोस्के’. त्या घरात त्याने सगळ्यात आधी करून घेतलेल्या गोष्टींत वाहत्या पाण्याचं न्हाणीघर होतं, टबसकट. तिथल्या भिंतीच्या फरशा, तो टब, ती खिडकी आणि त्या पाण्यात ती, एवढ्या भांडवलावर त्याने पुढची वीस वर्षं काढली. त्याला हवं तर पॅरिस होतं. तो नावाजलेला होता, चित्रं विकली जात होती. पण त्याचा मोठा प्रवास त्या घरातल्या घरात, जेवणाच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत झाला.

त्याची काम करायची पद्धत समजली तेव्हा मला फार आनंद झाला. तो मार्तला समोर बसवून रंगवत नसे. ती आपल्या कामात असायची आणि हा खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीने दोन-चार रेघा मारून ठेवायचा. बारीक रेघा म्हणजे एक रंग, ठिपके म्हणजे दुसरा, अशा स्वतःशीच ठरवलेल्या खुणा. त्याच डायरीत रोजचं हवामान, एका शब्दात. छान. ढगाळ. पाऊस. कधी बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी. १९२७ पासून पुढच्या त्या डायऱ्या जपून ठेवलेल्या आहेत. मग वर माडीवरच्या छोट्याशा खोलीत जाऊन तो आठवणीतून रंगवायचा. कॅनव्हास चौकटीवर ताणलेला नसे. मोठा तुकडा फाडून सरळ भिंतीला खिळ्यांनी ठोकायचा, आणि चित्र कुठे संपतं हे रंगवता रंगवता ठरायचं. एकाच भिंतीवर तीन-चार चित्रं शेजारी शेजारी. जेवणाच्या टेबलासाठी घोटलेला पिवळा उरला की तो शेजारच्या बागेत जायचा, तिथून न्हाणीघरात. ब्रश पुसून ठेवायच्या आधी त्या रंगाचा प्रत्येक चित्रात हात लागायचा. रंग घोटायला पांढरी चिनीमातीची बशी. भिंतीवर टाचून ठेवलेले चॉकलेटचे चांदीचे कागद, कारण त्यांवर उजेड कसा चमकतो ते त्याला बघायचं असे.

माणूस समोर असला की माणूसच दिसतो, तो आपल्याला अडवतो. खोलीतून बाहेर आल्यावर जे उरतं ते खरं आपलं. बोनार म्हणायचा, की एखाद्या खोलीत एकदम पाऊल टाकल्यावर जे दिसतं ते मला दाखवायचं आहे. एकदम म्हणजे डोळ्यांनी वस्तूंची नावं घ्यायच्या आधी. त्या क्षणी टेबल, बाई, मांजर असं काही वेगळं नसतं. एक झगझगीत पांढरं असतं, त्याच्या कडेला काहीतरी केशरी, खाली काळोख. नंतर डोळा शोधायला लागतो. त्याचं १९३२ चं ‘पांढरी खोली’ ग्रनोब्लच्या संग्रहालयात आहे, मी छापील पाहिलं आहे. दार पांढरं, भिंत पांढरी, खोली गरम ठेवायची शेगडी पांढरी, दाराबाहेर झाडं आणि खाली दूरवर समुद्र. मी दोन मिनिटं तरी बघत होते, खोलीत कुणी नाही असं समजून. मग खाली, टेबलाच्या पलीकडे, जमिनीच्याच रंगाची वाकलेली पाठ दिसली. मार्त. मांजराकडे वाकलेली. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही. ती त्या घराच्या रंगात इतकी मुरलेली आहे, की तिला वेगळं काढायचं तर घर फाडावं लागेल.

आता एक गोष्ट, जी मला बरेच दिवस गिळता आली नाही.

ल कान्नेच्या आधी, मार्तशी लग्न करायच्या आधी, बोनारच्या आयुष्यात रने मोंशाती नावाची मुलगी आली होती. सोनेरी केसांची, तरुण, चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणारी. १९२१ मध्ये दोघं रोमला गेली. लग्नाचं बोलणं झालं होतं असंही म्हणतात. मग तो मार्तकडे परत आला, आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने मार्तशी लग्न केलं. पुढच्या महिन्यात रनेने जीव दिला.

बागेतल्या टेबलाशी बसलेल्या दोन बायकांचं त्याचं एक चित्र आहे. ते त्याने १९२१ ते १९२३ च्या दरम्यान सुरू केलं. मध्यभागी रने, गालाला हात, आपल्याकडे बघतेय. उजव्या कोपऱ्यात, चौकटीने अर्धी कापलेली, मार्त. ती रनेकडे पाहतेय. हे चित्र त्याने वीस-बावीस वर्षं गुंडाळून ठेवलं. मार्त गेल्यानंतर १९४५ मध्ये बाहेर काढलं आणि रनेच्या पाठीमागची सगळी जागा सोन्यासारख्या पिवळ्याने भरून टाकली.

दोन बायकांना दुखावणाऱ्या माणसाच्या चित्रांसमोर आपण डोळे भरून उभं राहायचं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. सोपं उत्तर मिळालं नाही. रनेचा जीव त्या पिवळ्याने भरून आला नाही, आणि तसं त्यालाही वाटलं असेल असं मला वाटत नाही. १९४४ च्या जानेवारीत त्याने डायरीत एक ओळ लिहिली, ‘गाणारा नेहमीच सुखी असतो असं नाही.’ पन्नास वर्षं लोक त्याला आनंदाचा चित्रकार म्हणत होते. टेबलं, फळं, ऊन. पण नीट बघा, त्या टेबलांवर कुणी हसत नाही. मार्त कपबशीकडे बघत असते, कुत्र्याकडे बघत असते, आपल्याकडे बघत नाही. ते ऊन सुखी माणसांच्या घरात पडलेलं नाही, नुसतं पडलेलं आहे. बोनारने ते सुखापासून सोडवून घेतलं, आणि म्हणून मी त्याला मोठा चित्रकार मानते.

दुसरी गोष्ट आरशातली. स्वतःची चित्रं काढताना त्याने स्वतःला जराही सोडलेलं नाही. १९३१ च्या ‘मुष्टियोद्धा’मध्ये बरगड्या दिसणारा, बारीक हातांच्या मुठी वळून उभा राहिलेला एक चष्मेवाला आहे. लढणार कुणाशी, तर समोर आरसा. शेवटच्या एका चित्रात न्हाणीघराच्या आरशात टक्कल पडलेला म्हातारा, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. पण मार्त? १९२५ मध्ये टबमध्ये पडलेली बाई छप्पन्न वर्षांची आहे. १९३६ मध्ये सदुसष्ट वर्षांची. चित्रात ती कायम ट्रामजवळ भेटलेल्या मुलीच्याच अंगाची. ह्याला कुणी खोटेपणा म्हणेल. मला वाटतं, रोज पाहणाऱ्याला माणूस म्हातारं होताना दिसतच नाही, पहिलं पाहिलेलं अंग खाली शाबूत असतं आणि रोजची सकाळ त्यावर एक हात देऊन जाते. आपला मात्र आरसा एकदम सांगतो.

त्याला चित्र संपवता येत नसे. विकलेल्या चित्रांनाही तो मोकळं सोडत नसे. एकदा म्हणे पॅरिसच्या लुक्झांबूर संग्रहालयात आपला चित्रकार मित्र व्हुयार याला त्याने पहारेकऱ्याशी गप्पा मारायला लावलं, खिशातून रंगाची पेटी आणि ब्रश काढला आणि भिंतीवरच्या स्वतःच्याच चित्रात एक पान दुरुस्त केलं. पिकासोला हे सगळं सहन होत नसे. हा माणूस ठरवत काहीच नाही, निळ्यात जांभळा घालतो, मग गुलाबी घालतो, आणि शेवटी नुसता गोंधळ उरतो, अशी त्याची तक्रार होती. उलट चित्रकार मातीसचं त्याच्यावर प्रेम होतं. बोनार गेल्यावर एका नामवंत कलामासिकाने ‘बोनार थोर चित्रकार आहे का’ असं विचारून नकाराकडे झुकणारं उत्तर छापलं, तेव्हा मातीस इतका संतापला की आपल्या प्रतीवर त्याने हाताने लिहिलं, होय, बोनार आजच्यासाठी आणि नक्कीच उद्यासाठीही थोर चित्रकार आहे, हे मी प्रमाणित करतो. खाली सही. मला त्या ‘प्रमाणित करतो’चं फार अप्रूप आहे. मित्रासाठी माणसाने असं एकदा तरी सहीशिक्क्याने उभं राहावं.

युद्ध आलं. व्हुयार १९४० मध्ये गेला. मार्त १९४२ च्या जानेवारीत गेली, ल कान्नेलाच. बोनारने तिच्या खोलीला कुलूप लावलं.

मग त्याने एक गुन्हा केला. फ्रेंच कायद्याने नवराबायकोच्या मिळकतीतली अर्धी तिच्या वारसांकडे जाणार होती. मृत्युपत्र नव्हतंच. म्हणजे चित्रांची मोजदाद आणि वाटणी होणार, घरात परकी माणसं येणार. सनद घेतलेल्या या माणसाने मार्तच्या नावाने स्वतःच एक मृत्युपत्र लिहिलं, सगळं नवऱ्याला असं. ते पुढे उघडकीला आलं. तो गेल्यावर मार्तच्या भाच्या पुढे आल्या, खटले कितीतरी वर्षं चालले आणि तोवर कित्येक चित्रं कुलपात राहिली. भाच्यांचा हक्क खराच होता. पण पंचाहत्तरीला टेकलेला तो म्हातारा टेबलाशी बसून तिच्या अक्षरासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करतोय, हे डोळ्यांसमोर आलं की मला राग येत नाही. आयुष्यभर तिची पाठ, तिचे पाय, तिची मान हाताने गिरवली. शेवटी सही.

आणि न्हाणीघराचं ते चित्र तो रंगवतच राहिला. टबमधली मार्त आणि खाली पायपुसण्यावर छोटा कुत्रा, हे चित्र त्याने १९४१ मध्ये सुरू केलं आणि १९४६ पर्यंत त्यावर काम केलं. आता ते अमेरिकेत पिट्सबर्गच्या संग्रहालयात आहे. टब आता टबसारखा राहिलेला नाही, कडा वाकून तो शिंपल्यासारखा झाला आहे. भिंतीच्या फरशा सोनेरी, जांभळ्या, निळ्या, एकीसारखी दुसरी नाही. ती असताना सुरू केलेलं आणि ती गेल्यावर चार वर्षं चाललेलं चित्र. घरातल्या टबला पाणी नव्हतं, चित्रातल्या टबला होतं.

आमची काकू गेली ती पावसाळ्यात. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले, मी दोन दिवस मागे राहिले. सकाळी सहाला मला बंबाचा वास आला. धुराचा आणि तापलेल्या तांब्याचा मिळून एक वास असतो, तो ज्यांच्या घरी बंब होता त्यांनाच कळेल. मागे गेले. काका पाटावर बसले होते. बंब पेटलेला. न्हाणीचं दार उघडं, आत कुणी नाही. मी म्हटलं, “काका, कुणाला आंघोळीला पाणी हवंय का?” म्हणाले, “नाही गं. सवय.” मग जरा वेळाने, “बस.”

मी त्यांच्याशेजारी बसले. पाऊस थांबला होता. काचेच्या कौलावर शेवाळ आलं होतं, तरी उजेड आत येत होता. कोरड्या फरशीवर तो हळूहळू सरकत मोरीपर्यंत गेला. वाफ नव्हती, त्यामुळे पट्टी दिसत नव्हती, नुसता खाली एक चौकोन. काका त्याच्याकडे बघत होते. रोज दोन तास ते तिथे बसून काय बघायचे, हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं ते सोळा-सतरा वर्षांनी लंडनच्या त्या बाकावर. ते चित्रकार नव्हते, कचेरीत कारकून होते. त्यांनी एकही रेघ मारली नाही. ते कौल तेवढं त्यांनी बसवलं.

बोनार गेला २३ जानेवारी १९४७ ला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी मोठ्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. ते भरलं १९४८ मध्ये, तो नसताना. आपली चित्रं न तडकता टिकावीत, २००० सालच्या तरुण चित्रकारांसमोर आपण फुलपाखराच्या पंखांनी यावं, एवढी इच्छा त्याने लिहून ठेवली होती.

त्याच्या खोलीच्या खिडकीखाली बदामाचं झाड होतं. दर वर्षी हिवाळा संपता संपता ते फुलायचं आणि तो ते रंगवायचा. शेवटचं चित्र तेच. निळं आकाश, काळी फांदी आणि पांढऱ्या फुलांचा नुसता कल्लोळ. जानेवारीत तो अंथरुणाला खिळला होता, ब्रश धरवत नव्हता. भाचा शार्ल तेरास जवळ होता. बोनार त्याला म्हणाला, खाली डाव्या कोपऱ्यात जमिनीचा तो हिरवा बरोबर नाही, तिथे पिवळा हवा. भाच्याने मदत केली आणि हिरव्यावर पिवळा चढला. काही दिवसांत तो गेला.

या चित्राचा पोस्टकार्डाएवढा छाप माझ्या टेबलावर आहे. मी कधी कधी डाव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून बघते. पिवळा झाकला की फुलं एकदम गार पडतात, कागदाची होतात. अंगठा काढला की झाडाला खालून ऊब लागते, अगदी बंबाला लागावी तशी, आणि मग वरचं पांढरं वर चढायला लागतं.